कॉलेज फुटबॉलमधे टायटल खरंच हुकलं की फॅन उगाच रडतायत, कसं ओळखायचं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या जुन्या सीझनवर वाद पेटला की प्रत्येकाकडे आपली एक अन्याय झालेली टीम तयार असते. "एकही मॅच हरलो नाही" एवढ्यावर लगेच मान डोलवू नका, कारण बरीच वर्षं फायनल हा प्रकारच नव्हता, चॅम्पियन मतदानाने ठरायचा, एपी या वृत्तसंस्थेच्या पोलमधे पत्रकार मतं द्यायचे, दुसऱ्या पोलमधे कोच लोक, आणि कधीकधी दोघांचे चॅम्पियन वेगळे निघायचे.

आधी बघायचं ते शेवटचं मतदान कधी झालं. १९६६ घ्या. नोटर डेम आणि मिशिगन स्टेट १०-१० बरोबरीत सुटले, शेवटी बॉल हातात असूनही नोटर डेमने रिस्क न घेता घड्याळ संपू दिलं, तरी एक नंबर तेच, आणि सगळ्या मॅच जिंकलेली अलाबामा तिसरी! पुढे शुगर बोलमधे (बोल म्हणजे सीझन संपल्यावरची खास मॅच) अलाबामाने नेब्रास्काला ३४-७ धुतलं पण मतदान तर आधीच आटोपलेलं, आणि नोटर डेम त्या काळात बोल खेळायचंच नाही. हा माझ्या मते खरा अन्याय. (अलाबामावाला फारच तापला तर १९७३ काढा, तेव्हा कोचेसनी बोलच्या आधीच त्यांना चॅम्पियन केलं आणि मग ते नोटर डेमकडून २४-२३ हरले. त्यानंतर कुठे कोचेसनी मतदान बोलनंतर घ्यायला सुरुवात केली.)

मग दोन्ही टीम समोरासमोर येऊ शकत होत्या का ते बघा. १९९४ ला पेन स्टेट बिग टेन या गटात, त्या गटाचा विजेता ठरलेल्या करारानुसार रोझ बोललाच जायचा, म्हणून ती तिकडे बांधलेली, नेब्रास्का ऑरेंज बोलला, दोघी अजिंक्य, टायटल नेब्रास्काला. पेन स्टेटचा दोष काय तर इंडियानाविरुद्ध ३५-१४ लीड असताना राखीव पोरं उतरवली, शेवटी स्कोअर ३५-२९ झाला आणि कोचेस पोलमधला एक नंबरही गेला.

सीझनच्या आधीचं रँकिंगही चेक करा. २००४ पर्यंत बीसीएस नावाची पद्धत आली होती, रँकिंगमधल्या वरच्या दोन टीमची फायनल व्हायची. त्या वर्षी सीझनआधी यूएससी एक, ओक्लाहोमा दोन, ऑबर्न सतरावी, फायनलपर्यंत तिघीही हरल्या नाहीत, मग वरच्या दोघी हलणार कशाला. ऑबर्नने द सिटाडेलसारखी छोटी टीम शेड्यूलमधे घेतली होती हे मान्य, पण ओक्लाहोमा फायनलमधे ५५-१९ हरली तेव्हा ऑबर्नवाल्यांना काय वाटलं असेल! नंतर यूएससीचं ते बीसीएस टायटल काढून घेतलं, पण ऑबर्नला नाहीच दिलं, जागा रिकामीच ठेवली.