जनसंज्ञापनाच्या पदवीला प्रवेश घेतलात? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की म्हापसा, फोंडा, मडगाव या भागांतील मुले जनसंज्ञापनाची, म्हणजे मास कॉमची, चौकशी करण्यासाठी पालकांसह येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कॅमेऱ्याविषयी असतो: कोणता घ्यावा, किती रुपयांपर्यंतचा घ्यावा, पहिल्या वर्षापासूनच लागेल का? मी गेली काही वर्षे हा विषय शिकवतो आहे, आणि या प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. पहिले वर्षभर काहीही विकत घेऊ नका. जनसंज्ञापन हे उपकरणांचे शिक्षण नाही. एका माणसाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्या माणसापर्यंत अर्थ न बिघडता कशी पोहोचवावी आणि ती वाटेत कुठे बिघडते, याचा हा अभ्यास आहे. सर्वांत जास्त नुकसान करणाऱ्या चुका या वाटेवरच होतात आणि त्यांतही भाषेची चूक सर्वांत मोठी आहे.

गोव्यातील विद्यार्थी घरी कोकणी बोलतो, प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणी शिकतो, पुढे इंग्रजी माध्यमात जातो आणि पदवीला आल्यावर बातमी मराठीत लिहू पाहतो. हे त्याचे भांडवल आहे. परंतु मुलाखत कोकणीत, टिपणे इंग्रजीत आणि लेखन मराठीत अशी तीन वळणे घेतली, की सांगणाऱ्याचे बोलणे हातातून निसटते. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत, एका विद्यार्थिनीने बाजारातील मासळी विकणाऱ्या बाईंशी बोलून वृत्तांत लिहिला होता. त्यात त्या बाईंच्या तोंडी वाक्य होते, ‘आम्हाला कोणी प्रश्न विचारत नाही.’ मला ते खटकले, म्हणून मी तिची वही मागितली. वहीत इंग्रजीत लिहिले होते, ‘नोबडी आस्क्स अस.’ आणि मोबाइलवरील ध्वनिमुद्रणात त्या बाई म्हणत होत्या, ‘आमकां कोण विचारता?’ हेच वाक्य मराठीत जसेच्या तसे आहे: आम्हाला कोण विचारतो? दोन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच, की आमची पर्वा कोणाला आहे. मधल्या इंग्रजीने ती व्यथा काढून टाकली आणि एक निर्जीव तक्रार शिल्लक ठेवली.

याहून धोकादायक उदाहरण ‘खंय’ या छोट्या शब्दाचे आहे. गावातला माणूस सांगतो, ‘पंचायतीन पर्वानगी दिल्या खंय.’ येथे ‘खंय’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, तर मराठीतील ‘म्हणे’. सांगणाऱ्याने प्रामाणिकपणे स्पष्ट केले आहे, की ही ऐकीव गोष्ट आहे, मी स्वतः कागद पाहिलेला नाही. विद्यार्थी घाईत तेवढाच शब्द गाळतो आणि लिहितो, ‘पंचायतीने परवानगी दिली आहे.’ एका शब्दाच्या अभावी अफवेची बातमी होते, आणि दोष मात्र त्या गावकऱ्याच्या माथी येतो.

यावर उपाय अवघड नाही. टिपणे ज्या भाषेत ऐकली त्याच भाषेत, देवनागरीत घ्यावीत; अवतरण चिन्हांत टाकायचे वाक्य ध्वनिमुद्रणावरून पुन्हा ऐकावे; आणि मराठीत उतरवल्यावर ते मोठ्याने वाचून स्वतःला विचारावे, की ही व्यक्ती मराठीत बोलली असती तर असेच बोलली असती का. ‘म्हणे’, ‘असे ऐकले’, ‘बहुतेक’ हे शब्द कधीही गाळू नयेत. ते आले, की पुढची पायरी म्हणजे पंचायतीत जाऊन ठराव स्वतः पाहणे.

सिद्धांताचा तास कंटाळवाणा म्हणून सोडणे ही दुसरी चूक. अमेरिकी अभ्यासक हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ साली मांडलेले प्रश्न विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला आणि कोणत्या परिणामाने सांगतो. तेच प्रश्न घेऊन गोव्यातील १९१ ग्रामपंचायतींपैकी आपल्या पंचायतीच्या फलकासमोर उभे राहावे. ग्रामसभेची नोटीस कोणत्या भाषेत आहे, ती किती दिवस आधी लागली, ती वाचणारे कोण आणि सभेला प्रत्यक्ष आले कोण, हे नोंदवले की सिद्धांत आपोआप समजतो. ‘कोणाला’ या एका प्रश्नात आपल्या पत्रसृष्टीचा केवढा इतिहास दडला आहे, पाहा: ‘ओ हेराल्डो’ १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून सुरू झाले आणि १९८३ साली इंग्रजी झाले, कारण पोर्तुगीज वाचणारी पिढी ओसरत होती. वृत्तमाध्यमे ज्या प्रश्नांना महत्त्व देतात तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटतात का, हे मॅकोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी चॅपेल हिल येथे शंभर मतदारांशी बोलून तपासले; ते लहान प्रमाणावर आपल्या वाड्यावरही करता येते: आठवडाभराच्या दोन मराठी दैनिकांची पहिली पाने बाजूला ठेवावीत, वीस शेजाऱ्यांना गावापुढचा महत्त्वाचा प्रश्न कोणता ते विचारावे आणि दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात.

ध्वनिमुद्रण बिघडणे ही नेहमीची तक्रार आहे. समुद्रकिनाऱ्यावरचा वारा, सभागृहातील पंखा आणि पावसाळ्यात पत्र्यावर पडणारे पाणी ही तिची कारणे. आधी दहा सेकंद मुद्रित करून इअरफोनवर ऐकावे, पंखा बंद करण्याची विनंती करावी आणि नावे व आकडे वहीतही लिहावेत.

कायद्याच्या बाबतीत मात्र चूक सुधारण्याची संधी नसते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास पॉक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या कलम २३ नुसार मनाई आहे, आणि ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे; शाळा, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील हे सर्व त्यात येते. आपल्या लहान गावांत वाड्याचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय एवढे छापले तरी सगळ्यांना कळते. वर्गातील सरावाची बातमीही सहज व्हॉट्सअॅपवर फिरते, म्हणून ही शिस्त पहिल्या वर्षापासूनच पाळावी.

शेवटची चूक अंतिम वर्षाच्या प्रकल्पात होते. विद्यार्थी माहितीचा अधिकार वापरण्याचे ठरवतात, ही चांगली गोष्ट आहे, पण अर्ज प्रकल्प सादर करण्याच्या पंधरा दिवस आधी देतात. २००५ च्या कायद्याने माहिती देण्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत दिली आहे, आणि नकार आल्यास किंवा उत्तरच न आल्यास पहिल्या अपिलात आणखी वेळ जातो. म्हणून सत्र सुरू होताच अर्ज द्यावा. दुसरे असे, की ‘रस्ता का झाला नाही?’ असे विचारल्यास उत्तर मिळणे कठीण, कारण या कायद्याने नोंदी मिळतात, खुलासे नव्हेत. त्याऐवजी कामाच्या आदेशाची प्रत, मंजूर रकमेचा तपशील आणि देयकांच्या प्रती मागाव्यात, कालावधी तारखांनिशी लिहावा आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घेऊन प्रकल्पाच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावावी.