व्हायोलिनसाठी यमनची गत म्युझस्कोरमध्ये लिहिताना

दिवाळी पहाटेला माझ्या दादरच्या क्लासमधली मुलं आणि वांद्र्याची मुलं एकत्र वाजवतात. माझी मुलं सरगमवर वाढलेली, त्यांना भातखंडे लिपी पुरते. वांद्र्याच्या मुलांपुढे मात्र स्टाफच (पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी) ठेवावा लागतो. मुंबईला रागाची गत, म्हणजे वाद्यावरची बंदिश, स्टाफवर लिहिण्याचं हे काम नवं नाही. व्हायोलिनवादक आणि संगीतकार अँथनी गोन्साल्विस यांनी इथेच राग ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढले होते. आपल्या हाताशी म्युझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट.

सा आधी ठरवा. व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने, जी-डी-ए-ई असं लावलेलं असेल, तर पांढरी दोनचा, म्हणजे डीचा सा सोयीचा. डी तारेवर सा मिळतो, ए तारेवर प. जी तार मोकळी वाजली की शुद्ध मध्यम येतो आणि यमनला तीव्र मध्यम लागतो, त्यामुळे ती मोकळी सोडायची नाही. हे मुलांना तोंडी आणि कागदावर, दोन्हीकडे सांगा.

नवीन स्कोर उघडताना की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्पच्या खुणांची जागा) तीन शार्पची घ्या. पाश्चात्त्य शिक्षक विचारतात, डी मेजरला दोनच शार्प ना? खरं आहे. पण दोन घेतले तर प्रत्येक तीव्र मध्यमाला शार्प वेगळा द्यावा लागतो, आणि एक जरी सुटला तरी शुद्ध मध्यम घुसतो. तीन घेतले की एन दाबून (स्वर लिहायला सुरुवात करून) जी टाइप केलं तरी जी शार्पच उमटतो.

तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे फोर-फोरचे चार बार. द्रुत गत बहुतेकदा खालीपासून, म्हणजे तालाच्या नवव्या मात्रेवर, उठते. म्हणून पहिला बार खालीचा धरा. दर चौथ्या बारची रेघ निवडून एंटर दाबा, म्हणजे एका ओळीत एक आवर्तन बसतं आणि सम (तालाची पहिली मात्रा) नेहमी तिसऱ्या बारच्या तोंडाशी येते. तिथे कंट्रोल-टीने × लिहा, खालीवर ०. ताल न शिकलेलं मूलही मग समेवर बरोबर पोचतं. खाली सरगम हवी असेल तर कंट्रोल-एल दाबून सा रे ग टाइप करत जा, स्पेसबारने पुढच्या स्वरावर जाता येतं.

आता खरं काम. स्वर उतरवले म्हणजे यमन उतरला असं नाही, तो कुठल्या तारेवर आणि किती बोमध्ये (गजाच्या ओढीत) वाजतो, ते लिहायला हवं. यमनमधली प-रेची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घ्या. कागदावर नुसते ए आणि ई दिसले की स्टाफ वाचणारं मूल मोकळी ए तार वाजवणार, आणि मोकळ्या तारेवरून घसरता येत नाही. म्हणून प डी तारेवरच घ्यायला लावा. वर रोमन तीन लिहा, म्हणजे तिसरी तार, आणि दोन्ही स्वरांवर बोटाचा आकडा १ द्या. चौथ्या पोझिशनमधून (हाताच्या जागेवरून) पहिलीत तेच बोट घसरत येतं. मग पहिला स्वर निवडून पॅलेटमधून ग्लिसांडो जोडा. शेवटी शिफ्ट धरून दोन्ही स्वर निवडा आणि एस दाबा, की स्लर येतो. ग्लिसांडो घसरायला सांगतो, स्लर बो न बदलायला. दोन्ही लागतात.

कणस्वरासाठी (मुख्य स्वराला हलकेच लागणाऱ्या छोट्या स्वरासाठी) मुख्य स्वर निवडून तिरकी रेघ दाबा, आलेला छोटा स्वर बाणाने वरखाली न्या. डाउन बो आणि अप बोच्या खुणा पॅलेटच्या शोधपट्टीत मिळतात. समेला डाउन बो आणि मुखड्याच्या (गतीच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या) उठावाला जो बो असेल तो, एवढ्याच द्या. प्रत्येक स्वरावर खूण असलेला कागद कोणी वाचत नाही.

प्लेबॅकवर मींड तपासू नका. काही सेटिंगवर ग्लिसांडो एकेक सूर पायरीने उतरतो. स्वर आणि लय ऐका, मींड स्वतःच्या व्हायोलिनवर वाजवून बघा.

तोडे, म्हणजे गतीमधले जलद स्वरांचे तुकडे, मी लिहीत नाही, ते माझी मुलं त्या त्या वेळी वाजवतात. स्थायीला (गतीच्या पहिल्या भागाला) दोन्हीकडून रिपीटच्या रेघा घालते आणि वर लिहिते, ‘इशारा होईपर्यंत’. तोवर वांद्र्याची मुलं गत धरून ठेवतात.