मुलगा देव मानत नाही म्हणाला, तर घरचा गणपती कसा करायचा

आमचा गणपती गौरीबरोबर जातो. घर संगमेश्वर तालुक्यात, मुलगा नोकरीला पुण्यात. चार वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या रात्री गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, कवंडळाची रानफळं बांधता बांधता तो म्हणाला, "आई, उद्या पूजेला मी नाही बसत. माझा विश्वास नाही राहिला."

मी त्याला शपथ घातली. त्याचे बाबा जाऊन दोनच वर्षं झाली होती, त्यांचं नाव घेतलं. तो बसला. भटजीकाका सांगतील तसे सोळाही उपचार केले. आचमनाचं पाणी हातावर घेताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पुढच्या वर्षी तो गावीच आला नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: शपथ घालू नका, गेलेल्या माणसाचं नाव मध्ये आणू नका. पोर त्या दिवशी पाटावर बसेल, पण घरापासून तुटेल.

दुसरं, त्याला विचारा. "का मानत नाहीस?" असं विचारलंत तर वादच होतो. "कधीपासून?" असं विचारा. आणि ते सणाच्या गडबडीत नको. मी मे महिन्यात विचारलं, दुपारी ओटीवर फणसाचे गरे काढत बसलो होतो तेव्हा. मला वाटत होतं पुणं, मोबाइल, मित्रमंडळी यांतलं काहीतरी सांगेल. त्याने कॉलेजातल्या एका मित्राचं नाव घेतलं. तो मुलगा एकदा गणपतीला आमच्याकडे आला होता. घरातल्या मोठ्यांनी त्याचं आडनाव विचारलं. मग आम्हा सगळ्यांची पानं माजघरात मांडली गेली आणि त्याचं एकट्याचं ओटीवर. "बाप्पासमोर झालं हे, आई," मुलगा म्हणाला. "आणि वाढत तू होतीस."

खरं होतं. मीच वाढत होते.

तुमच्या घरी कारण वेगळं निघेल. एखादीला पाळीच्या चार दिवसांत बाजूला बसवलेलं डाचत असेल, कुणाचा आजारी माणसासाठी बोललेला नवस फळला नसेल, कुणाला खरोखरच विचार करून पटत नसेल. पटत नसेल तिथे आपल्याला करण्यासारखं काही नाही, ऐकून घ्यावं. पण जिथे आपली चूक निघेल तिथे ती दुरुस्त करा. मी त्या मुलाला फोन करून माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे पंगत एकच, माजघरात, येईल त्याची. माझा मुलगा त्यामुळे पुन्हा देव मानू लागला का? नाही. त्या आशेने हे करूच नका, पोरांना लगेच कळतं.

मग कामं वाटून घ्या. वाटणी करताना एकच बघायचं: या कामाला श्रद्धा लागते की हात लागतात? प्राणप्रतिष्ठेला श्रद्धा लागते, म्हणून पूजेला आता मीच बसते. पहिल्या वर्षी लोक कुजबुजले. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने कितीतरी बायकांना पौरोहित्य शिकवलं आहे, मग मला यजमान म्हणून बसायला काय हरकत? शाडूची मूर्ती चित्रशाळेतून आणायची, माटवी बांधायची, रानातून तेरडा आणायचा, विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घेऊन नदीवर जायचं, ही कामं मुलाकडे. ती तो मनापासून करतो. आरतीला हात जोडत नाही, पण मृदंग त्याच्याशिवाय कुणाला जमत नाही. हात का जोडले नाहीत, हे मी विचारत नाही.

नातेवाईक विचारतातच. त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावू नका, तुम्ही द्या, आणि एकाच वाक्यात: "आमचं ठरलंय तसं." कुणी म्हणालं की हल्लीच्या पोरांना काही उरलं नाही, तर मी आगरकरांचं नाव घेते. ते 1895 साली गेले, म्हणजे हल्लीचे नव्हेत. ते देव मानत नव्हते, यशोदाबाई मानत होत्या, आणि त्यांनी बायकोवर आपलं मत लादलं नाही. एका छपराखाली दोन्ही नांदू शकतं.

एका अर्जात मुलाने धर्माच्या रकान्यात "नाही" लिहिलं, तेव्हा त्याचे काका फार चिडले. मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय की आपला कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. काकांना मी ते शांतपणे सांगितलं, विषय तिथे थांबला.

लग्नाचं आधीच बोलून ठेवा. मुलाला विधी नको असतील तर 1954 च्या विशेष विवाह कायद्याने लग्न होतं, पण तारखांचा हिशोब नीट करा. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकाचं निदान 30 दिवस वास्तव्य लागतं, नोटीस दिल्यावर आणखी 30 दिवस थांबावं लागतं, आणि साक्षीदार तीन. हॉल त्यानंतरचा ठरवा.

राहिलं माझ्या मागचं. हे बोलणं जड जातं, मलाही गेलं. पण दहाव्याच्या दिवशी घाटावर भांडण होण्यापेक्षा आत्ता रडून घेतलेलं बरं. मुलगा म्हणाला, "खांदा देईन, अग्नी देईन. पिंडाला नाही बसणार." मला पिंड हवेत. लेक म्हणाली, मी बसते. तेराव्याचं मोठं जेवण नको, ते पैसे आमच्या वाडीतल्या शाळेला द्यायचे, यावर दोघांचं एकमत झालं. सगळं एका वहीत लिहिलंय, खाली तिघांच्या सह्या आहेत. वही देवघराच्या खालच्या खणात असते, आणि ती कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक आहे.