अर्धवट गोधड्या: आधी अडलेली जागा शोधा, मग सुई हातात घ्या

गोधडी अर्धवट राहते तेव्हा दोष सहसा आळसाचा नसतो. ती एका नेमक्या जागी अडलेली असते. ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, एकमेकांना जुळत नसतात, जमिनीचं, म्हणजे नक्षीमागचं मूळ कापड संपलेलं असतं, बॉर्डर लाटेसारखी उठत असते, तीन थर (वरचं दर्शनी कापड, मधलं भरण म्हणजे बॅटिंग, खालचं अस्तर) पसरायला जागा नसते, नाहीतर क्विल्टिंगची, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवण्याची नक्षी ठरत नसते. ‘एकदा ती गोधडी पूर्ण करायची आहे’ असं म्हणत राहिलं की ही अडलेली जागा दिसतच नाही आणि पिशवी पुन्हा कपाटात जाते. म्हणून पहिल्या बैठकीत काहीही शिवू नका. नुसतं उघडून बघा.

सगळ्या पिशव्या एकाच दिवशी बाहेर काढा. प्रत्येकीतलं सामान पलंगावर मांडून एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: किती ब्लॉक झालेत (२० पैकी १२ वगैरे), शिवण किती आत घेतली होती, दोरा कोणता वापरला होता, आणि पुढची एकच कृती. ही कृती पंधरा-वीस मिनिटांत उरकेल एवढी लहान हवी. ‘बॉर्डर लावणे’ ही कृती नाही, तो एक अख्खा टप्पा आहे. ‘गोधडीची रुंदी मधोमध मोजून बॉर्डरच्या दोन पट्ट्या कापणे’ ही कृती. चिठ्ठी पारदर्शक पिशवीत दर्शनी ठेवा, कापडाला टाचू नका.

टाचण्यांचं निघालंच आहे, तर कापडात राहिलेली प्रत्येक टाचणी आणि सेफ्टी पिन याच वेळी काढून टाका. दमट हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग साध्या धुण्याने जात नाही. गोल फ्रेममध्ये अडकवलेली गोधडी सोडवून ठेवा. महिनोन्‌महिने ताणलेल्या कापडावर गोल घडी बसते आणि तिथले टाके सैल पडतात. दोराही तपासा. हातभर दोरा घेऊन दोन्ही हातांनी झटका द्या. सहज तुटला तर तो रीळ बाजूला काढा. पाण्याने पुसल्या जाणाऱ्या निळ्या पेनाने केलेल्या खुणा असतील तर त्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती शाई पक्की होते. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाचं उलट आहे. ती खूण इस्त्रीने जाते, पण थंडीत परत उमटू शकते. त्यामुळे दर्शनी भागावर ते पेन न वापरलेलंच बरं.

आता क्रम लावा. सर्वांत आवडती गोधडी आधी घेण्याचा मोह होतो, पण आधी घ्यावी ती शेवटाच्या सर्वांत जवळ असलेली. फक्त बाइंडिंग, म्हणजे कडेवरून दुमडून लावायची पट्टी, राहिलेली गोधडी दोन-तीन बैठकांत हातावेगळी होते, कपाटातली जागा मोकळी होते आणि हातही वळणावर येतो. एका वेळी दोनच कामं चालू ठेवा, एक मशीनवरचं आणि एक हातशिलाईचं, म्हणजे मशीन मांडायला वेळ नसेल तेव्हा दुसरं पुढे सरकतं. आणि चिठ्ठी लिहिताना एखादं काम मनातून उतरलंय हे जाणवलं, तर ते मोडा. कापड इतर कापडांत मिसळा, झालेल्या चार ब्लॉकच्या उश्या करा. नावडतं काम रेटून पूर्ण करण्यात हातांचे बरेच तास जातात.

ब्लॉक जुळत नाहीत तेव्हा

अडकण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि त्याचं मूळ पाव इंचाच्या शिवणीत असतं. एका ओळीत आठ तुकडे म्हणजे सात शिवणी. प्रत्येक शिवण दोन्ही तुकड्यांतून अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त आत गेली तर दर शिवणीला एक सूत कापड कमी पडतं. सात शिवणींत सात सूत, म्हणजे जवळपास इंचभर ओळ आखूड झाली! त्यात जुने ब्लॉक एका मशीनवर आणि नवे दुसऱ्या मशीनवर शिवलेले असतील तर फरक पडणारच.

म्हणून थांबलेलं काम पुन्हा हातात घेताना आधी चाचणी घ्या. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, शिवणी एका बाजूला दाबा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जास्त आत जातेय. शिवण पाव इंचाला दोराभर कमीच धरावी लागते, कारण कापड शिवणीवरून उलटताना एक-दोन धाग्यांची जाडी घडीतच जाते. योग्य जागा सापडली की मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर जाड टेप चिकटवून ठेवा.

मग जुने ब्लॉक मोजा आणि प्रत्येकाच्या मागे माप लिहिलेला कागद ठेवा. फरक एका सुताच्या आत असेल तर काही उसवू नका. दोन ब्लॉक जोडताना मोठा ब्लॉक खाली ठेवून शिवा. मशीनचे दात खालचं कापड किंचित जास्त ओढून घेतात आणि फरक गिळून टाकतात. दोन्ही टोकं, मध्य आणि शिवणींचे सांधे आधी टाचा, उरलेलं सैल कापड मधल्या भागात वाटलं जातं.

फरक त्याहून मोठा असेल तर सगळे ब्लॉक लहानाच्या मापाला छाटू नका. ताऱ्यांची आणि त्रिकोणांची टोकं कापली जातात आणि ते नजरेला कायम खुपतं. त्याऐवजी प्रत्येक ब्लॉकच्या चारही बाजूंनी सव्वा इंच रुंदीची पट्टी जोडा आणि मग सगळे एका मापाला छाटा. सर्वांत लहान ब्लॉक १२ इंचांचा आणि सर्वांत मोठा साडेबारा असेल, तर पट्ट्या लावल्यावर ते साडेतेरा आणि चौदा होतात. सगळे साडेतेरावर आणा. मोठ्या ब्लॉकभोवतीची पट्टी थोडी अरुंद दिसेल, पण पट्टीचा रंग जमिनीच्या रंगाजवळचा घेतला तर ते लक्षातही येत नाही. छाटताना मोजपट्टीचा मध्य आणि ब्लॉकचा मध्य एकावर एक ठेवायला विसरू नका, नाहीतर चौकट एका बाजूला झुकते.

तिरप्या कडांचे, म्हणजे उरेप कापलेले तुकडे बराच काळ पडून राहिले असतील तर त्यांच्या कडा ताणल्या गेलेल्या असतात. हाताळण्याआधी कडेपासून एक सूत आत एक साधी शिवण मारून घ्या. इस्त्री दाबून उचला, फिरवू नका. फिरवल्याने उरेप कड हमखास लांबते.

कापड संपलं किंवा उत्साह संपला, तर आकार कमी करा

मूळ आराखडा ३० ब्लॉकचा होता म्हणून ३० झालेच पाहिजेत असं काही नाही. १२ ब्लॉक तयार असतील तर तीन गुणिले चार मांडा. ब्लॉक शिवल्यावर १२ इंचांचा आणि मधल्या-भोवतालच्या पट्ट्या २ इंचांच्या धरल्या (कापताना अडीच), तर रुंदी ३६ आणि चार पट्ट्यांचे ८, म्हणजे ४४ इंच. लांबी ४८ आणि पाच पट्ट्यांचे १०, म्हणजे ५८ इंच. मांडीवर घ्यायला ही उत्तम गोधडी झाली.

जमिनीचं कापड कमी पडत असेल आणि तेच मिळत नसेल तर बदली कापड एका कोपऱ्यात वापरू नका, तिथे ते ठिगळ दिसतं. आधी शिवलेल्या ब्लॉकमध्ये नवे ब्लॉक विखरून मांडा. एक पांढरा कमी पडला तर तीन वेगवेगळे पांढरे घ्या, म्हणजे तो फरक ठरवून केलेला वाटतो. नव्या गडद कापडाचा रंग जातो का ते आधी पाहा: ओला पांढरा रुमाल त्यावर ठेवून इस्त्रीने दाबा, रुमाल रंगला तर कापड पुन्हा धुवा.

बॉर्डर लाटेसारखी उठत असेल तर कारण जवळपास एकच असतं. लांब पट्टी कडेला लावत गेलात आणि उरलेली छाटलीत. कडा ताणलेल्या असतात, त्या मागतील तेवढी पट्टी देऊ नये. उसवा, गोधडी मधोमध आणि दोन्ही बाजूंना मोजा, तिन्ही मापांची सरासरी काढून पट्टी कापा आणि गोधडीच त्या पट्टीत बसवा.

तीन थर

४४ बाय ५८ च्या गोधडीला अस्तर आणि बॅटिंग चारही बाजूंनी ४ इंच जास्त घ्या, म्हणजे ५२ बाय ६६. अस्तराच्या कापडाची वापरात येणारी रुंदी ४२ इंच असेल तर ५२ इंचांचे दोन तुकडे कापून शिवण आडवी येऊ द्या. उभी शिवण घेतली तर ६६ इंचांचे दोन तुकडे लागतात आणि कापड वाया जातं. ही शिवण अर्धा इंच आत घ्या आणि दोन्ही बाजूंना उघडून दाबा. बॅटिंग आदल्या रात्री पाकिटातून काढून पसरून ठेवा, तिच्या घड्या आपोआप सुटतात. दोन शिवणींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते त्याच पाकिटावर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नक्षी ठरवू नका, नाहीतर धुतल्यावर आतलं भरण सरकून गोळे होतात.

जमिनीवर बसवत नसेल तर टेबल पुरतं. अस्तराचा मध्य टेबलाच्या मध्यावर, उलटी बाजू वर, कडा लटकत्या. टेबलाच्या कडेला चिमट्यांनी धरून ठेवा. कापड सपाट हवं, ढोलकीसारखं ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर पिना काढल्यावर आक्रसतं आणि मागे चुण्या पडतात. वर बॅटिंग, त्यावर दर्शनी कापड, दोन्ही मध्यापासून बाहेर हाताने साफ करत न्या. मध्यापासून सुरुवात करून तीन-चार इंचांवर, म्हणजे साधारण तळहाताएवढ्या अंतरावर, सेफ्टी पिना खोचा. टेबलावरचा भाग पूर्ण झाल्यावरच त्या बंद करा, आधी बंद केल्या की कापड हलतं. मग चिमटे काढून पुढचा भाग टेबलावर ओढा. चार इंचांवर धरल्या तरी या मापाला दीडशेच्या वर पिना लागतात. हातशिलाई करायची असेल तर पिनांऐवजी लांब कच्चे टाके घाला. आणि हा टप्पा झाल्यावर काम महिनाभर ठेवणार असाल तर पिना नकोतच, गंजाचं कारण वर आलंच आहे.

क्विल्टिंग

नक्षी ठरत नाही म्हणून पडून राहिलेल्या गोधडीला सरळ रेघा द्या. तीन इंचांवर आडव्या रेघा मारल्या तर १९ रेघा होतात, प्रत्येक ४४ इंचांची. एका बैठकीत तीन रेघा धरल्या तरी सात बैठकांत काम संपतं. चिठ्ठीवर १९ चौकोन काढा आणि झालेला भरत जा. मधली रेघ आधी, मग तिच्यापासून एका कडेपर्यंत, मग दुसऱ्या. कडेकडून मध्याकडे आलात तर जादा कापड मध्यात अडकतं आणि तिथे चुणीवर शिवण चढते.

मशीनला ९०/१४ मापाची नवी सुई लावा, टाका ३ मिलिमीटरचा ठेवा आणि मिळालं तर वॉकिंग फूट बसवा. साधा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वरचं कापड मागे ढकलतो आणि दात खालचं पुढे ओढतात, त्यामुळे दोन रेघा छेदतात तिथे घडी पडते. वॉकिंग फूट वरचा थरही सोबत नेतो. सुरुवातीला खाली दोऱ्याचं घरटं होत असेल तर एक टाका घालून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या आणि पहिले चार टाके दोन्ही दोरे हातात धरा. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका. ओझ्याने टाके लहान-मोठे होतात आणि सुई वाकते.

हाताने शिवलेली अर्धी गोधडी वर्षांनी पुढे न्यायची असेल तर टाक्यांचा आकार बदललेला असणार. जुने उसवू नका. थांबला होतात तिथूनच पुढे न जाता समोरच्या कोपऱ्यात आणि मधे मधे शिवा, म्हणजे जुना आणि नवा टाका एका रेषेवर आमनेसामने येत नाही. दोरा १८ इंचांपेक्षा लांब घेऊ नका, लांब दोरा घासून झिजतो आणि गुंततो. मधल्या बोटात अंगुस्ताना घाला. गाठ वरच्या कापडातून हलकेच टचकन आत ओढून बॅटिंगमध्ये लपवा.

आणि क्विल्टिंग जमतच नसेल तर गाठी मारा. जाड दोऱ्याने दर चार इंचांवर तिन्ही थरांतून एक टाका, दोन पक्क्या गाठी, टोकं अर्ध्या इंचावर कापा. दोन संध्याकाळी पुरतात आणि बॅटिंगला चार इंचांचं अंतर चालत असेल तर गोधडी चांगली टिकते.

बाइंडिंग

४४ बाय ५८ चा परीघ २०४ इंच. कोपरे आणि शेवटच्या जोडासाठी १२ मिळवा, २१६ झाले. ४२ इंची कापडातून अडीच इंच रुंदीच्या सहा पट्ट्या, म्हणजे १५ इंच कापड. तिरपे जोड देऊन एकच लांब पट्टी करा आणि उभी दुमडून दाबा. हे बाइंडिंग ब्लॉक शिवत असतानाच करून पिशवीत ठेवलं तर शेवटी ‘कापडच उरलं नाही’ असं होत नाही.

एका बाजूच्या मध्यावर, आठ-दहा इंच शेपूट सोडून, पाव इंचावर शिवायला लागा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा. पट्टी सरळ वर दुमडा, मग त्याच घडीवरून खाली आणा आणि कडेपासून पुन्हा सुरू करा. पाव इंच आधी न थांबता कडेपर्यंत शिवलं तर कोपरा वळतच नाही, नुसता गोळा होतो. शेवटी दोन्ही शेपटं एकमेकांवर बरोबर अडीच इंच येतील अशी कापा, उघडून काटकोनात ठेवा आणि तिरपी शिवण मारा. मागची बाजू हाताने हेमच्या टाक्याने बसवा, सुई दर्शनी कापडातून बाहेर येऊ देऊ नका.

पाण्याच्या पेनाच्या खुणा असतील तर पहिली धुलाई साबणाशिवाय थंड पाण्यात करा आणि खुणा पूर्ण गेल्यावरच साबण लावा. धुतलेली गोधडी दोरीवर टांगू नका, ओल्या बॅटिंगच्या वजनाने टाके ताणतात. चादरीवर आडवी पसरून वाळवा आणि अर्धी सुकल्यावर एकदा उलटा.