तुळजापूर-नळदुर्ग लूप: या चुका टाळा

दर हिवाळ्यात सोलापुरात नव्या सायकली येतात आणि दर हिवाळ्यात त्याच चार ठिकाणी मला माणसं रस्त्याकडेला सायकल उलटी करून बसलेली दिसतात. लूप अवघड नाही. सोलापूर, तामलवाडी, तुळजापूर, तिथून नळदुर्ग आणि हैदराबाद हायवेनं परत. सगळं मिळून 130 किलोमीटरच्या आसपास. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर, तुळजापूर 600च्या वर. हे आकडे सांगितले की नवीन पोरं म्हणतात, "एवढाच चढ? मग काय की!" एवढाच. पण तुळजापूर 45 किलोमीटरवर येतं, म्हणजे देवीच्या गावात पोचून सेल्फी काढता तेव्हा तुमची फक्त तिसरा हिस्सा सायकल चालवून झालेली असते.

काटा न काढता ट्यूब बदलणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्या छाटतात, काही रस्त्याच्या कडेला पडून राहतात, गाड्यांखाली चिरडतात आणि काटे सगळीकडे पसरतात. पंक्चर होणारच. त्यात लाजायचं काही नाही. लाजायचं ते दुसऱ्या पंक्चरला.

एका जानेवारीत आमच्यासोबत एक नवा गडी होता. तामलवाडीच्या अलीकडे त्याचं मागचं चाक बसलं. सात मिनिटांत ट्यूब बदलली. घड्याळ लावून, बरं का. मी म्हटलं, "टायर आतून चाचपलं का?" "हो सर, हाताला काही नाही लागलं." तीन किलोमीटरवर पुन्हा चाक बसलं. दुसरी ट्यूब घातली, तीही गेली. तिसरी माझी. तेव्हा माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. गड्यानं ग्लोव्हज काढलेच नव्हते! काट्याचं टोक रबरात मोडून बसलं होतं. टायर नुसतं धरलं तर दिसत नव्हतं, बाहेरच्या बाजूला वाकवलं की आतून मोहरीएवढं वर येत होतं.

तेव्हापासून माझ्या सीटखालच्या पिशवीत जुन्या सोलापुरी टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा असतो. टायरच्या आतून एक फेरी फिरवायचा. टॉवेलचे उभे धागे काट्याला लगेच अडकतात, बोटही फाटत नाही. दुसरी सवय म्हणजे टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणायचं. मग ट्यूबला भोक कुठे आहे ते बघितलं की टायरमध्ये काटा कुठे शोधायचा ते कळतं. यूट्यूबवर सात मिनिटांचा विक्रम दाखवतात, हे दाखवत नाहीत.

आणि गावातल्या पंक्चरवाल्याच्या भरवशावर जाणार असाल तर बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर सोबत ठेवा. त्याच्याकडे हवा भरपूर असते, पण तिचं तोंड तुमच्या ट्यूबला बसत नाही.

वारा न बघता निघणे

इथं शहाणपणा शिकवणारा मी, पण घोडचूक माझीच. जुलैचा रविवार होता. ढग, गारवा, पाय हलके. नेहमीच्या दिशेनं तुळजापूर केलं, नळदुर्गपर्यंत गाणी म्हणत आलो. तिथून सोलापूरकडे तोंड वळवलं आणि समोरून पश्चिमेचा वारा. हायवेवर आडोसा म्हणून काही नाही. सपाट रस्त्यावर चौदाचा वेग निघेना. पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तुळजापुरातच संपवली होती. इटकळच्या पुढे डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेवटी कांद्याच्या रिकाम्या टेम्पोला हात केला. टेम्पोवाल्यानं विचारलं, "सायकल बिघडली का मालक?" मी म्हटलं, "हो."

नकाशा डोळ्यापुढे आणा. नळदुर्ग ते सोलापूर हा जवळपास 50 किलोमीटरचा टप्पा बराचसा पश्चिमेकडे जातो. त्यामुळे पावसाळ्यात मी फेरा उलटा करतो. आधी नळदुर्ग, वारा पाठीशी. मग तुळजापूर, आणि शेवटी घाट उतरून घरी. परतीला वारा लागतोच, पण तुळजापूरहून रस्ता दक्षिणेकडे जास्त येत असल्यानं तो बराचसा कडेनं लागतो. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असतो, तेव्हा नेहमीचीच दिशा बरी. निघण्याआधी मी गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडताहेत ते बघतो. ॲप तुम्ही बघा.

घाटात गियरशी झटापट

सिंदफळ येईपर्यंत मोठ्या चेनरिंगवर (पॅडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्रावर) मर्दुमकी दाखवायची आणि चढ अंगावर आला की उभं राहून सगळा जोर पॅडलवर असताना गियर पाडायचा. चेन उतरते, पॅडलमध्ये अडकलेली बुटाखालची क्लीट सुटत नाही, माणूस बाजूच्या मातीत. चढ दिसला की, चढाच्या आधी, छोट्या चेनरिंगवर या. पाय हलका फिरू द्या. कोण पुढं गेलं ते बघू नका, तो तुम्हाला नळदुर्गच्या चहाच्या टपरीवर भेटेल.

बाकीच्या, थोडक्यात

हवा दगडासारखी भरू नका. मी 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरला 80 पीएसआयच्या आसपास ठेवतो, माझं वजनही काही कमी नाही.

गाळप हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला तर त्याच्या मागं लागून वारा चुकवायचा मोह आवरा. मागची ट्रॉली डुलते आणि ऊस खाली पडतो.

मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला तुळजापूर टाळा. कोजागरीच्या सुमारास तर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांचा असतो. तेव्हा आपणही चालत जावं.

मोबाइलनं दाखवलेला शेतातला जवळचा रस्ता पावसात धरू नका. काळी माती टायर आणि ब्रेकच्या मध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं आणि तीन किलोमीटर वाचवायला निघालेला माणूस सायकल खांद्यावर घेऊन चालतो. काडीनं माती खरवडत बसलेले किती पाहिलेत मी!

उन्हाळ्यात दहाच्या आत घरी या. जमत नसेल तर पहाटे लवकर निघा, तेही जमत नसेल तर जूनपर्यंत थांबा.

आणि क्लीटच्या बुटांनी नळदुर्गच्या किल्ल्यात बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणी महालाच्या पायऱ्या उतरू नका. पावसाळ्यात नर-मादी धबधबा बघायला सगळेच धावतात. पायऱ्या ओल्या, बुटाचा तळ गुळगुळीत. मी पिशवीत जुनी स्लीपर ठेवतो. दिसायला गबाळी दिसते, दिसू दे.