चेंदणी कोळीवाड्यात पाहुण्यासारखे कसे जावे

चेंदणी कोळीवाडा ठाणे स्टेशनपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ज्या मार्गाने ठाण्याला आली, त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना हा वाडा विभागलेला असल्यामुळे पश्चिमेकडची घरे पाहून परत न फिरता पूर्वेला मीठबंदराच्या बाजूलाही अवश्य जावे.

शक्यतो सकाळी जावे, आणि दोघांतिघांहून अधिक माणसे बरोबर नेऊ नयेत. गल्ल्या अरुंद आहेत, आणि ज्या ओट्यावरून आपण सहज पुढे जातो तो कुणाच्या तरी घराचा भाग असतो. तिथेच भांडी घासली जातात, जाळे विणले जाते आणि म्हातारी माणसे उन्हाला बसतात. घरांचे निळे-हिरवे रंग मोहात पाडतात हे खरे, तरीही उघड्या दारातून आत डोकावू नये आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जवळा निवडत बसलेल्या एका आजींचा फोटो न विचारता घेऊ लागलो आणि त्यांनी काही न बोलता पदर तोंडावर ओढला. तो क्षण मला अजून टोचतो. तेव्हापासून मी आधी बोलतो आणि फोटोचे नंतर पाहतो.

बोलायला सुरुवात करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मासळी विकत घेणे. ‘मावशी, वाटा कसा दिला?’ एवढे विचारले तरी पुरते. मात्र घ्यायचे नसेल तर भवानीच्या वेळी भाव पाडून मागून निघून जाऊ नये, कारण पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलेले विकणारीला खटकते. चिंबोरी घेतली तर विकणारी तिच्या नांग्या सुतळीने किती चपळाईने बांधते ते जवळून पाहावे: अंगठ्याने पाठ दाबून धरायची, दोन वेढे आणि गाठ.

खाडीविषयी विचारताना जरा जपून विचारावे. सांडपाणी आणि गाळ यांमुळे मासळी घटली आहे, आणि घटलेल्या मासळीबरोबर कित्येक घरांची कमाईही आटली आहे; त्यामुळे ‘तुम्ही गरीब आहात का’ असा अर्थ निघेल असे काहीही बोलू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा बाजारातली ताजी मासळी कमी होते. श्रावणात नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ वाहतात. त्या दिवशी रंग भरपूर असतो, पण कुणाला बोलायला सवड नसते, म्हणून मिरवणूक कडेला उभे राहून पाहावी.

पैसे किंवा खाऊ मुलांच्या हातात देऊ नये. घेतलेले फोटो मोबाइलवर त्या माणसांना तिथल्या तिथे दाखवावेत, आणि पुढच्या वेळी जाताना त्यांच्या छापील प्रती न विसरता घेऊन जाव्यात.