ओव्हरडोसवर फील्डवर्क करायला येताय? नागपूरच्या नवीन पोरापोरींसाठी

एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या एमएला) आहात अन् फील्डवर्कला इंजेक्शनवाल्यांचा, म्हणजे सुईने नशा करणाऱ्यांचा, प्रोजेक्ट मिळाला असेल तर पहिले हे ऐका, 'नशा सोडा' सांगायला जाऊ नका, ते त्यांनी घरच्यांकडून पोलिसांकडून भरपूर ऐकलेलं असतं. आधी माणूस जिवंत राहिला पाहिजे, सोडणं मग.

ब्राऊन शुगर किंवा इंजेक्शन, सोबत नायट्राझेपाम-अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, वरून दारू, या मिक्सने श्वास बंद पडतो. अन् सगळ्यात जास्त धोका कोणाला, तर जेलमधून नाहीतर व्यसनमुक्ती केंद्रातून नुकता सुटून आलेल्याला, कारण शरीराची सवय मोडलेली असते अन् हा जुन्याच मापाने घेतो. म्हणून वस्तीत गेलो की माझा पहिला प्रश्न, "या हप्त्यात कोण सुटून आलं बे?" आमच्या रजिस्टरमध्ये सुया किती वाटल्या याचा रकाना आहे, याचा नाही.

मे महिन्यात ४५ डिग्रीत कोणी फुटपाथवर पडून असला की लोक म्हणतात बेवडा आहे, नाहीतर ऊन लागलं, अन् पुढे जातात. तुम्ही थांबा. हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास एकदम हळू, घोरल्यासारखी घरघर, ओठ-नखं निळी, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, मग १०८ लावा. श्वास थांबत असेल तर डोकं मागे करून नाक दाबून तोंडाने श्वास द्या, साधारण ५ सेकंदाला एक. नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. मिठाचं पाणी, दूध, चपलेचा वास, हे काहीच नाही, बेशुद्ध माणसाला पाजलेलं सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं.

नॅलॉक्झोनचं, म्हणजे ब्राऊन शुगरसारख्या नशेचा असर तोडणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन दिलं की माणूस दोन-चार मिनिटांत उठतो, पण असर ३० ते ९० मिनिटांत उतरतो अन् आतली नशा तशीच असते, त्यामुळे "मी ठीक आहो" म्हणून निघाला तरी जाऊ देऊ नका. फक्त गोळ्या-दारूवर ते चालत नाही.

मेडिकल नाहीतर मेयोला, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलात, न्यायची वेळ आली की मित्र पळतात, एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) होईल, पोलीस विचारतील म्हणून. हे आधीच चहावर बोलून ठेवा, ऑटो कोण आणेल, सोबत कोण थांबेल, डॉक्टरला काय घेतलं ते खरं कोण सांगेल. श्वास द्यायचं ट्रेनिंगही त्यांनाच द्या, रात्री तुम्ही घरी असता.

अन् ज्याला सोडायचंच आहे त्याला सरकारी ओएसटी सेंटर दाखवा, तिथे नशेच्या जागी घ्यायची ब्युप्रेनॉर्फिनची औषधी गोळी फुकट मिळते. १४४४६ हा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबरही देऊन ठेवा, तोही फुकट आहे.